दुसरी फटफटी

मोटारसायकलीला आमच्या घरांत अजून फटफटीच म्हणतात. शब्द वडिलांच्या पिढीचा आहे. दुकानांत तो उच्चारला कीं विक्रेता मुलगा गालांतल्या गालांत हंसतो; परंतु आमच्या पडवींत उभ्या असलेल्या गाडीला तो इतका चपखल बसतो कीं, टाकून देण्याचें कारण मला कधीं दिसलें नाहीं. ही गाडी म्हणजे साडेतीनशें सी. सी. ची बुलेट. १९९४ सालीं मीं ती घेतली, त्या वेळीं मी सत्तावीस वर्षांचा होतों. बिडाचें एंजिन, लाथ मारून सुरू करण्याची रीत, गियर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं. म्हणजे हल्लींच्या यच्चयावत् गाड्यांच्या नेमकें उलट. अशी गाडी दारांत असतां गेल्या पाडव्यास आम्हीं दुसरी, तिच्याहून लहान आणि पुष्कळच हलकी अशी गाडी घेतली. स्नेह्यांनीं याचे दोनच अर्थ लावले. कोणी म्हणालें, वय झालें. कोणी म्हणालें, जुनी गाडी निकामी झाली. जुनी गाडी उत्तम चालते. वयाचें म्हणाल तर तें होतच असतें, आणि माझ्या डाव्या गुडघ्यानें त्याची नोंदहि ठेवली आहे. पण केवळ गुडघ्यापायीं ही खरेदी झालेली नाहीं.

बुलेट हें नांव १९३२ पासूनचें. इंग्लंडांतील रेडिच गांवच्या कारखान्यानें तें आपल्या एका गाडीला दिलें. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठीं दणकट गाड्या हव्या होत्या. त्या निमित्तानें ती इकडे आली आणि १९५५ पासून मद्रासेस तिची जुळणी होऊं लागली. मूळचा विलायती कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, मद्रासची गाडी मात्र निघतच राहिली. अशा घराण्याची गाडी घेणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढें बहुधा स्वतःचेंच एक चित्र असतें : घाट, धुकें, लांबचा रस्ता आणि धीम्या ठोक्यांचा तो आवाज. माझ्याहि डोळ्यांपुढें तें होतें, आणि पुष्कळ अंशीं तें खरेंहि झालें. कोंकणांत उतरणारे बहुतेक घाट मीं याच गाडीवरून पाहिले. तेव्हां आतां मी तिच्या वजनाविषयीं बोलूं लागलों तर वाचकांनीं तो कृतघ्नपणा समजूं नये.

साताऱ्यांत सपाट रस्ता शोधून काढावा लागतो. आमचें घर माची पेठेंत, अजिंक्यताऱ्याच्या अंगावरच आहे म्हणा ना. मुख्य रस्त्यावरून घराकडे वळणारा बोळ अरुंद असून त्याचा चढ आठास एक इतका तरी असावा. चारचाकी त्यांत शिरत नाहीं. रिक्षावाले शिरतात, परंतु पावसांत तोंड वांकडें करतात.

आतां, चालत्या फटफटीला वजन नसतें असें म्हटलें तरी चालेल. चाकें फिरूं लागलीं कीं गाडी कलेल तिकडे पुढचें चाक आपोआप वळतें आणि तोल सांवरला जातो. त्यांत स्वाराचें कसब असतें तितकेंच चाकाच्या तिरप्या बैठकीचेंहि असतें. वजन प्रकट होतें तें गाडी थांबल्यावर, किंवा ती हातानें ढकलावी लागते तेव्हां. माझी गाडी १६० किलोंची धरून चला. (हल्लींची त्याच घराण्यांतली क्लासिक ३५० तर १९५ किलोंची आहे.) आठास एक अशा चढावर ती नुसती थोपवून धरावयास २० किलोंचा जोर लागतो, वर ढकलावयाची तर त्याहून अधिक. उभी असतां ती दहा अंशांनीं कलली तर वजनाचा सुमारें सहावा हिस्सा, म्हणजे २७ किलो, तिला भुईकडे ओढूं लागतो, आणि हें सर्व एका पायावर झेलावें लागतें. सत्ताविसाव्या वर्षीं हा हिशेब करण्याची गरज पडत नाहीं. पाय तो परस्पर करून टाकतो. अठ्ठावन्नाव्या वर्षीं शेवाळलेल्या ओल्या फरशीवर उभें राहिलें असतां हे २७ किलो एकेक करून मोजतां येतात.

तरी यावर उपाय आहेत, आणि ते मला अवगत आहेत. उतारावर गाडी नेहमीं गियरमध्यें टाकून उभी करावी, तोंड चढाकडे ठेवावें, कोठें वळावयाचें हें बोळांत शिरण्यापूर्वींच ठरवून ठेवावें. अशा युक्त्यांवर आणखी आठदहा वर्षें सहज निघालीं असतीं. मीं हें सांगितलें तेव्हां आमच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हांला अवगत आहे, हेंच त्या गाडीचें दुखणें आहे." वहिनींचें बोलणें थोडक्यांत असतें आणि मागाहून उलगडतें.

घरांत आम्ही लहानमोठीं नऊ माणसें आहोंत. आई पंच्याऐंशीची, दादा व वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, सूनबाई आणि त्यांचे सहा वर्षांचे चिरंजीव, शिवाय माझी कॉलेजांत जाणारी मुलगी. एवढ्या घरांत कोठीची खोली, वर्तमानपत्र, ओसरीवरचा झोपाळा हें सर्व सर्वांचें. बुलेट मात्र 'काकांची'. तसा नियम कोणी केला नव्हता. गाडीनेंच तो केला होता. ती सुरू करावयाची तर आधीं डीकंप्रेसरची कळ दाबून, ॲमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हलक्या पायानें खालीं न्यावी लागते, आणि मगच पूर्ण लाथ मारावयाची. हें साधलें नाहीं तर किक उलटते आणि नडगीवर बसते. शिवाय ज्यांचे पाय डावीकडच्या गियरवर तयार झाले आहेत त्यांना तिच्यावर ब्रेकच्या जागीं गियर आणि गियरच्या जागीं ब्रेक सांपडतो. उतारावर ही थट्टा नाहीं. पुतण्यानें दोनदां प्रयत्न करून नाद सोडला. तो नोकरीनिमित्त आठवडाभर पुण्यास असतो आणि घरची स्कूटर त्याच्याबरोबर जाते. राहिलेल्या आठ माणसांत फटफटीचा उपयोग एकट्या मला.

पाडव्याच्या आदल्या आषाढांतली गोष्ट. दादा आणि मी एका आप्ताच्या समाचारास मिरजेस गेलों होतों. रात्रीं आईला दम लागला. डॉक्टरांनीं फोनवरून औषधाचें नांव सांगितलें. तें जवळच्या दुकानांत नव्हतें, पोवई नाक्याकडच्या एका दुकानांत होतें. पाऊस कोसळत होता आणि रिक्षा मिळेना. आमच्या सूनबाई कऱ्हाडच्या. माहेरीं वडिलांच्या मोटारसायकलवर त्यांचा हात लहानपणींच बसलेला. त्यांनीं रेनकोट चढविला, पडवींतून बुलेट बाहेर काढण्याची खटपट केली, तीनदां लाथ मारली. तिसऱ्या वेळीं किक उलटली. मग त्या पायींच गेल्या आणि पायींच आल्या. सव्वा तास लागला. तेवढा वेळ माझी मुलगी आजीची पाठ चोळीत बसली होती आणि वहिनी दारांत उभ्या होत्या. औषध लागू पडलें, पहांटे आईला झोंप लागली. दुसऱ्या दिवशीं आम्ही परतलों तेव्हां कोणीं अवाक्षरानें तक्रार केली नाहीं. सूनबाईंची नडगी मात्र काळीनिळी झाली होती. "काका, ती उताराकडे जाऊं लागली, मला धरवेना, म्हणून परत आंत लावून ठेवली," एवढेंच त्या म्हणाल्या. पडवींत फटफटी उभी, टाकींत पेट्रोल भरलेलें, आणि घरांतली मुलगी पावसांत पायीं चाललेली, हें दृश्य मीं पाहिलें नव्हतें. पण त्यानंतर गाडीला फडकें मारतांना तेंच डोळ्यांपुढें येऊं लागलें. वहिनींच्या वाक्याचा अर्थ तेव्हां उलगडला.

गाडी घ्यावयाची तर ती आपल्यापैकीं निदान चौघांना चालवितां आली पाहिजे, असें मीं एका रात्रीं पानावरच जाहीर केलें. दादा जन्मभर हिशेबनीस. ते म्हणाले, "मग सरळ स्कूटर घे." सूचना वाजवी होती. पण स्कूटर पेट्रोलवरची असो वा विजेवरची, तिचीं चाकें बहुधा दहा-बारा इंचांचीं असतात. पावसाळ्यानंतर आमच्या रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यांत लहान चाक उतरतें. अठरा इंची चाक त्यावरून जातें. दुसरें असें कीं, यवतेश्वराचा घाट उतरतांना गाडी खालच्या गियरमध्यें टाकली म्हणजे एंजिनच तिला आवरून धरतें आणि ब्रेकवर सगळा भार पडत नाहीं. हा आधार गियर नसलेल्या स्कूटरवर तितकासा मिळत नाहीं. दादांनीं मान हलविली. त्यांना कारणें पटतात, मात्र तीं मोजून मांडलेलीं असावीं लागतात.

पुतण्याचें मत निराळें. त्याच्या मनांत दोनशें सी. सी. ची, उंच अंगाची, डोंगरांत जाणारी एक्सपल्स होती. गाडी गुणी आहे यांत शंका नाहीं. पण तिची बैठक ८२५ मिलिमीटर उंचीवर, आणि वजन दीडशें किलोंच्या वर. सूनबाई तिच्यावर बसल्या तेव्हां त्यांच्या पायांचे अंगठे तेवढे भुईला लागत होते. ज्या गाडीवर थांबल्यावर पाऊल सपाट टेंकत नाहीं ती आमच्या बोळांत काय कामाची? "पण काका, शंभर सी. सी. म्हणजे दूधवाल्याची गाडी," असें पुतण्या म्हणाला. मला तर याहून मोठी शिफारस सुचेना. दूधवाला हौसेनें गाडी निवडीत नाहीं. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन अडकवून तो परळी खोऱ्यांतून रोज पहांटे साताऱ्याला येतो; एक दिवस गाडी बंद पडली तर त्या दिवशींचें दूध नासतें. त्याच्या पसंतींत जितकी परीक्षा असते तितकी कोणत्याहि जाहिरातींत नसते.

दुकानांत विक्रेत्यानें माझ्याकडे, माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि बाहेर उभ्या केलेल्या बुलेटकडे पाहिलें, आणि शंभर सी. सी. च्या रांगेवरून मला अदबीनें पुढें नेलें. "साहेब, ही आपल्याला शोभणार नाहीं," हें त्याचें सांगणें मनापासून होतें. शोभण्याचा प्रश्न फटफटीच्या धंद्यांत फार मोठा आहे. आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे मोठा माणूस, हें समीकरण इतकें रुजलें आहे कीं, मोठ्या गाडीवरून लहान गाडीवर येणारा माणूस एक तर गरीब झाला असला पाहिजे किंवा आजारी पडला असला पाहिजे. गाडी कोणाकोणाला पेलेल, हें त्या मुलानें विचारलें नाहीं. मला वाटतें, त्याला तें कोणीं शिकविलेंच नव्हतें.

हाच प्रश्न एका जपानी गृहस्थांनीं फार पूर्वीं विचारला होता. होंडा कंपनींत सोइचिरो होंडा यंत्रें पाहात आणि ताकेओ फुजिसावा विक्रीचा व पैशाचा भार वाहात. लहान गाडी काढावयाचें ठरलें तेव्हां फुजिसावांनीं अट घातली म्हणतात कीं, शेवयांचें जेवण घरोघर पोंचविणाऱ्या पोऱ्याला ती एका हातानें चालवितां आली पाहिजे. दुसऱ्या हातांत त्याचें तबक असतें. म्हणून डाव्या हाताचा क्लचच त्यांनीं काढून टाकला. पाय उंच न टाकतां कोणालाहि बसतां यावें म्हणून गाडीचा मधला भाग खोलगट ठेवला. १९५८ सालीं निघालेली ही सुपर कब. २०१७ पर्यंत त्या मालिकेच्या दहा कोटी गाड्या जगभर गेल्या. इतक्या संख्येनें दुसरी कोणतीहि मोटारगाडी वा फटफटी तयार झालेली नाहीं.

तिचा आणि आपला संबंध दूरचा नाहीं. १९८५ च्या सुमारास जपानी भागीनें चार-पांच कंपन्यांच्या शंभर सी. सी. च्या गाड्या आपल्या देशांत आल्या. तोंवर येथें बुलेट, जावा-येझदी आणि राजदूत यांचें राज्य होतें. नव्या गाड्यांपैकीं सी. डी. १०० हिचें जवळजवळ आडवें बसविलेलें ९७.२ सी. सी. चें एंजिन याच कबच्या कुळांतलें. पुढें १९९४ सालीं, म्हणजे मीं बुलेट घेतली त्याच वर्षीं, स्प्लेंडर निघाली तीहि त्याच एंजिनाची. होंडाशीं असलेली भागी नंतर मोडली, पण गाडी अजून निघते. वजन ११२ किलो, बैठक ७८५ मिलिमीटर. आठास एक चढावर तिला धरावयास १४ किलोंचा जोर पुरतो, बुलेटला २०. दहा अंश कलली तर १९ किलो; बुलेटचे २७. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. दादांनींहि तसें बोलून दाखविलें.

म्हणून मीं शेजाऱ्यांची स्प्लेंडर तासाभरासाठीं मागून आणली आणि बोळाच्या तोंडाशीं उभी केली. तेथून ती, एंजिन बंद ठेवून, हातानें घरापर्यंत आणावयाची, एवढीच परीक्षा. सूनबाईंनीं ती एका दमांत आणली. मुलीनें मध्यें एकदां थांबून आणली, आणि थांबली तेव्हां गाडी तिच्या हातांतून सुटली नाहीं. ही दुसरी गोष्ट मला पहिलीहून महत्त्वाची वाटली. सौ. नें हात लावण्याचें नाकारलें. वहिनी बासष्ट वर्षांच्या. त्यांनीं पदर खोंचला, गाडीच्या मेन स्टॅण्डवर पाय दिला, मागची कडी धरून एका हिसक्यासरशीं ती वर चढविली, आणि "झालें?" असें विचारून त्या आंत निघून गेल्या. दादांनीं त्यानंतर आकड्यांविषयीं कांहीं विचारलें नाहीं. सव्वाशें सी. सी. च्या गाड्याहि आम्हीं पाहिल्या; चढावर त्यांचा जोर थोडा अधिक, किंमतहि अधिक. पण ज्या गाडीवर सर्वांनीं हात टाकून पाहिला तिच्यावरच मन बसलें.

आतां थोडें या गाडीच्या उणेपणाविषयींहि लिहिलें पाहिजे, नाहीं तर ही जाहिरात होईल. आठ अश्वशक्तीचें एंजिन दोन भरभक्कम माणसांना घेऊन यवतेश्वराच्या घाटांत दुसऱ्या गियरवर कण्हत चढतें. राष्ट्रीय महामार्गावर कंटेनर शेजारून गेला कीं त्याच्या वाऱ्यानें हलकी गाडी हांतभर सरकते. खंबाटकी ओलांडून पुण्यास जावयाचें तर मी बुलेटच काढतों, आणि मुलींना या गाडीवरून तिकडे जाऊं देत नाहीं. मागची बैठक अरुंद आहे असें सौ. चें म्हणणें आहे व तें खरें आहे. पेट्रोल मात्र ही गाडी बुलेटच्या निम्म्याहून थोडें अधिक पिते, एवढी एक गोष्ट दादांच्या हिशेबांत जमेच्या बाजूस गेली.

मला स्वतःला वेगळाच अभ्यास करावा लागला. तीस वर्षें उजव्या पायानें गियर बदलला. या गाडीवर त्याच पायाखालीं ब्रेक. म्हणून पहिले आठ दिवस मी ती पहांटे मोकळ्या मैदानावरच चालविली, आणि अजूनहि कोणत्याहि गाडीवर बसल्यावर क्लच दाबण्यापूर्वीं दोन्ही पाय एकदां जागच्या जागीं हलवून पाहतों. गुडघ्याला आराम आहे. मंडईंत, बँकेंत, समर्थ मंदिराकडे जावयाचें असलें कीं आतां मी निघण्याचा विचार करीत बसत नाहीं. बुलेट काढावयाची म्हणजे कांहीं ठरवून काढावी लागे. ही गाडी सहज निघते. एकच गोष्ट हरवली. बुलेटचा आवाज कोपऱ्यावरून वर येई आणि मी पायऱ्या चढेपर्यंत वहिनींचें आधण उकळलेलें असे. "ही तुमची नवी गाडी चोरासारखी येते, भाऊजी," असें त्या म्हणतात. आणि चहाला दहा मिनिटें थांबावें लागतें.

दुसरी गाडी पहिलीसारखीच घेणारे लोक मीं पाहिले आहेत. एक लांबच्या प्रवासाची असतांना ते दुसरी त्याहून लांबच्या प्रवासाची घेतात, आणि दोन्ही आच्छादनाखालीं उभ्या असतात. त्यांच्या हौसेला मी नांवें ठेवीत नाहीं. पैसा त्यांचा आहे. मात्र अशा घरीं पाहुणा म्हणून गेलों तर बायकामुलें रिक्षाची वाट पाहात उभीं असलेलीं दिसतात. बुलेट मीं विकलेली नाहीं आणि विकणारहि नाहीं. रविवारीं पुतण्या घरीं असला म्हणजे हलक्या गाडीवर तो आणि बुलेटवर मी, असे आम्ही कासकडे जातों. चढावर मी पुढें असतों, बोळांत तो.

घरीं आल्यापासून हलक्या गाडीला कोणाचें नांव चिकटलेलें नाहीं. आई तिला सूनबाईंची म्हणते, मुलगी आपली म्हणते, आणि शेजारी अजून काकांची म्हणतात. दादांनीं दाराशेजारीं दोन हेल्मेटांच्या खालीं एक वही टांगून ठेवली आहे. गाडी नेणारानें तींत तारीख, मीटरवरचा आकडा आणि भरलेलें पेट्रोल लिहावयाचें. पहिल्या महिन्याच्या पानावर चार निरनिराळीं अक्षरें आहेत. सूनबाईंच्या शाळेच्या वेळा आहेत, मुलीच्या क्लासच्या आहेत, आणि आईच्या औषधासाठीं झालेली एक फेरी आहे, रात्रीं पावणेदहाची, तिच्यापुढें लिहिलें आहे : बावीस मिनिटें. चिरंजीवांनीं त्याच पानावर पेन्सिलीनें आपलेंहि नांव घालून ठेवलें आहे. मीटरचा रकाना अर्थात् कोरा आहे.